गॅसचा ड्रायर की विजेचा? न्यू जर्सीतल्या एका बेसमेंटचं प्रकरण

घर न्यू जर्सीतल्या मिडलसेक्स काउंटीतलं. १९८०च्या दशकातलं टाउनहाउस, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, मोकळं काय ते पुढे आणि मागे. राहणारे माझा धाकटा मावसभाऊ, त्याची बायको, शाळेत जाणारी मुलगी, दोन महिन्यांचं बाळ आणि बाळासाठी रत्नागिरीहून आलेले मावशी-काका. कपडे धुण्याचं यंत्र आणि गॅसवरचा ड्रायर बेसमेंटमधल्या एका लहान खोलीत. त्याच खोलीत घर गरम ठेवणारी फर्नेस आणि गरम पाण्याची गॅसची टाकी. बेसमेंटचा उरलेला भाग नीट भिंती-गालिचे करून राहण्याजोगा केलेला, आणि मावशी-काकांचा पलंग तिथेच, या खोलीच्या दारापासून चार पावलांवर.

ड्रायरनं ऐन जानेवारीत मान टाकली. आदल्या वर्षी त्याचं एक दुखणं निघालं होतं: कपड्यांचा पहिला लोड व्यवस्थित वाळायचा, लगेच दुसरा लावला की ओला तो ओलाच. गॅसच्या ड्रायरमध्ये ही खूण ओळखीची आहे. गॅसची झडप उघडणारी विजेची कॉइल जुनी झाली की थंड असताना काम करते आणि यंत्र तापलं की दगा देते. भाग स्वस्त असतो, तो बदलून वर्ष निघालं. या वेळी मात्र ड्रमचं मागचं बेअरिंग गेलं होतं, पत्राही झिजला होता. नवीन घ्यायचा हे ठरलं. कुठला, यावर घरात तीन मतं झाली.

मावसभावाला विजेचा हवा होता. त्याच्या मते गॅस जाळणं बंद करायचं तर सुरुवात इथूनच करावी, शिवाय घरात तान्हं बाळ, खाली आई-बाबा झोपतात, जाळ नकोच. त्याच्या बायकोला गॅसचाच हवा होता, कारण बाळाचे कपडे, दुपटी, टॉवेल यांचा ढीग संपता संपत नव्हता आणि गॅसचा ड्रायर लवकर वाळवतो. मावशीचं मत तिसरंच: "अरे, दोरी बांधा की! आम्ही कोकणात चार महिने पावसात कपडे वाळवतो, ते काय यंत्रावर?" बाहेर दोरी बांधायला तिथल्या रहिवासी संघटनेची, म्हणजे एचओएची, मनाई आहे. फ्लोरिडा, व्हरमाँट, मेन अशा काही राज्यांत दोरीवर कपडे वाळवण्याच्या हक्काला कायद्याचं संरक्षण आहे. या वसाहतीत मात्र नियमावली आडवी येत होती. पण मावशीचं म्हणणं त्यामुळे निकाली निघत नाही. त्याकडे पुढे येतो.

माझं काम घरांच्या हीटिंग-कूलिंगच्या यंत्रणांचं, म्हणून फोन मला आला. प्रश्न होता "गॅस की वीज?" मी मागितले ते फोटो: ड्रायरच्या मागच्या भिंतीचा, छताला लागून जाणाऱ्या नळीचा, पाण्याच्या टाकीच्या माथ्याचा आणि ब्रेकर पॅनेलचा. ड्रायर हे तापवणारं यंत्र आहे असं आपण समजतो. पण घराच्या दृष्टीनं तो आधी एक दांडगा पंखा आहे. मिनिटाला दीडशे ते दोनशे घनफूट हवा तो घरातून ओढतो, कपड्यांतून फिरवतो आणि बाहेर फेकतो. पाऊण तास चालला तर सात-आठ हजार घनफूट. ती हवा जाते कुठून आणि तिच्या जागी येते कुठून, हे पाहिल्याशिवाय इंधनाचा विचार करणं मला पटत नाही.

भिंतीमागे काय आहे

आधी यंत्रांतला फरक. अमेरिकेतला विजेचा ड्रायर २४० व्होल्टवर चालतो, त्याला ३० अँपिअरचं स्वतंत्र सर्किट लागतं आणि आतला तापक साधारण पाच ते साडेपाच किलोवॉटचा असतो. गॅसच्या ड्रायरला ड्रम आणि पंखा फिरवायला साधं १२० व्होल्टचं सॉकेट पुरतं; उष्णता येते ती तासाला वीस-बावीस हजार बीटीयूच्या (बीटीयू हे उष्णता मोजायचं एकक) बर्नरमधून. बावीस हजार बीटीयू म्हणजे जवळजवळ साडेसहा किलोवॉट. गॅसवर कपडे लवकर वाळतात ते एवढ्याचसाठी, उष्णता थोडी जास्त मिळते म्हणून. कपड्याला उष्णता कुठून आली हे कळत नाही. गॅसवर कपडे मऊ राहतात किंवा विजेवर जास्त आटतात, असं जे ऐकू येतं त्यात मला तथ्य दिसत नाही. कपडे आटतात ते जास्त तापमानानं आणि वाळून झाल्यावरही फिरवत ठेवल्यानं.

दोन्ही प्रकार इथे तितकेच जुने आहेत. १८९२ साली जॉर्ज सॅम्पसन यांनी शेगडीच्या उष्णतेवर कपडे वाळवणाऱ्या साधनाचं पेटंट घेतलं. नॉर्थ डकोटाच्या थंडीत आईचे कपडे बाहेर गोठतात म्हणून जे. रॉस मूर यांनी फिरत्या ड्रमचा ड्रायर रचला. तो १९३८ मध्ये 'जून डे' या नावानं बाजारात आला तो गॅस आणि वीज अशा दोन्ही रूपांत. तेव्हापासून निवड घरात काय जोडणी आहे यावरच होत आली आहे, आणि ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे.

या घरात गॅसची नळी ड्रायरपर्यंत आलेली होती. २४० व्होल्टचं सॉकेट नव्हतं. पॅनेल १०० अँपिअरचं, त्यातल्या ब्रेकरच्या जागा भरलेल्या. भार मोजताना विजेच्या कामाची नियमावली विजेच्या ड्रायरसाठी किमान ५,००० वॉट धरायला लावते. शिवाय पॅनेल घराच्या पुढच्या टोकाला, ड्रायर मागच्या; मधलं छत जिप्समच्या पाट्यांनी झाकलेलं, म्हणजे तार ओढायची तर छत उघडा, परत बंद करा, रंगवा. इलेक्ट्रिशियननं १,२०० डॉलर सांगितले आणि वर बजावलं की पुढेमागे गाडीचा चार्जर बसवायचा असेल तर पॅनेलच मोठं करावं लागेल. विजेचा ड्रायर त्याच मॉडेलच्या गॅसच्या ड्रायरपेक्षा साधारण शंभर डॉलरनं स्वस्त मिळतो. ती बचत इथे कुठल्या कुठे गेली.

बिलाचा हिशेब

एक लोड वाळवायला विजेच्या ड्रायरला सरासरी तीन युनिट लागतात असं धरू. सुती कपडे आणि टॉवेल जास्त असलेल्या आपल्या घरांना हे धरून चालतं. दर युनिटला २२ सेंट. न्यू जर्सीत २०२५ च्या जूनपासून विजेची बिलं १७ ते २० टक्क्यांनी चढली, त्यामुळे हा दर आता फुगवलेला वाटत नाही. लोडला ६६ सेंट झाले.

गॅसचा ड्रायर घरापुरतं बघितलं तर किंचित कमी कार्यक्षम. २०१५ पासूनचे संघराज्याचे किमान निकषच तसे आहेत: विजेच्या नेहमीच्या ड्रायरनं एका युनिट ऊर्जेत ३.७३ पौंड कपडे वाळवायचे, गॅसच्यानं ३.३०. (मार्च २०२८ पासून हे आकडे ३.९३ आणि ३.४८ होणार आहेत.) तेव्हा आपला तीन युनिटांचा लोड गॅसवर जवळपास ३.४ युनिटांचा होतो. त्यातले पाव युनिट मोटरचे विजेतून, बाकीचे गॅसमधून. एका थर्म (गॅसच्या बिलातलं एकक) गॅसमध्ये २९.३ युनिट ऊर्जा, म्हणजे या लोडला एक दशांश थर्मपेक्षा जरा जास्त. थर्मला १.३० डॉलर धरले तर गॅसचे १४ सेंट, विजेचे साडेपाच, एकूण २० सेंटच्या आत.

आठवड्याला सहा लोड धरले तर वर्षाला तीनशेच्या आसपास होतात. फरक सुमारे १४० डॉलरचा, तोही दर वर्षी, आणि सर्किटचे हजार-बाराशे वेगळे. मावसभावानं हा हिशेब स्वतः पुन्हा मांडून पाहिला आणि साधा विजेचा ड्रायर घेण्याचा आग्रह सोडला.

पर्यावरणाच्या मुद्द्यावर मात्र तो सहज हटणार नव्हता, आणि ते योग्यच होतं. म्हणून तेही मोजलं. न्यू जर्सीतली वीज मुख्यतः नैसर्गिक वायू आणि अणुऊर्जेतून येते. दक्षिणेला सेलम आणि होप क्रीक ही अणुकेंद्रं आहेत. पण अणुकेंद्र आधीच पूर्ण ताकदीनं चालत असतं. आपण संध्याकाळी ड्रायर लावला की वाढीव मागणी बहुतेक वेळा गॅसवरचं केंद्र भागवतं, आणि तिथे युनिटमागे साधारण ४०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. तीन युनिटांचे १,२०० ग्रॅम. घरच्या बर्नरमध्ये तोच गॅस थेट जाळला तर मोटरची वीज धरून सातशेच्या आत. गॅस दूरच्या केंद्रात जाळून वीज करायची, ती तारांतून आणायची आणि परत तिची उष्णता करायची, या वळशात बरंच हरवतं. नळीतून होणारी मिथेनची गळती धरली तर गॅसची बाजू थोडी पडते, आणि वीजजाळं स्वच्छ होत जाईल तसं हे चित्र पालटेल. आजच्या घटकेला मात्र, या राज्यात, तापकावर चालणारा विजेचा ड्रायर म्हणजे हिरवा पर्याय असं मी म्हणू शकत नाही.

खरा हिरवा पर्याय तिसरा होता: हीट पंप ड्रायर. तो उष्णता तयार करत नाही, तीच ती उष्णता परत परत वापरतो. ओली हवा थंड करून तिच्यातलं पाणी काढतो आणि तीच हवा पुन्हा तापवून ड्रममध्ये सोडतो. बाहेर नळी नाही, हवा फेकणं नाही. ऊर्जा साधारण निम्मी, म्हणजे दीड युनिट, ३३ सेंट, ६०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. साध्या १२० व्होल्टवर चालणारी मॉडेलंही मिळतात, म्हणजे सर्किटचा खर्चही टळतो. ३३ सेंट हे गॅसच्या २० सेंटपेक्षा जास्तच दिसतात, पण बाहेर फेकलेली हवा हिशेबात घ्या. जानेवारीत बाहेर ३० अंश फॅरनहाइट आणि घरात ७० असताना ड्रायरनं पाऊण तास फेकलेल्या हवेच्या जागी जी गार हवा घरात शिरते ती तापवायला फर्नेसला सात-आठ सेंटचा गॅस लागतो. हिवाळ्यात फरक निम्म्याहून कमी होतो.

माझा कल हीट पंपाकडे होता, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. आडवं आलं ते मुख्यतः हे: एका लोडला लागणारा दीड-दोन तासांचा वेळ, कधी त्याहून जास्त. सहा माणसांचं घर, त्यात तान्हं बाळ, दिवसाला दुपट्यांचा डोंगर. यंत्राची किंमतही जास्त. २०२२ च्या कायद्यानुसार अशा ड्रायरवर ८४० डॉलरपर्यंत परतावा मिळू शकतो, पण तो राज्यांमार्फत, तोही ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या कुटुंबांना. दोघं नोकरी करणारं हे घर त्यात बसत नव्हतं. वहिनी शांतपणे म्हणाली, "भाऊजी, वर्षभरानं विचाराल तर मी हो म्हणेन. आत्ता माझ्याकडे दोन तास नाहीत." बाळाच्या आईपुढे मी आकडे रेटले नाहीत.

उदबत्तीची परीक्षा

आता ज्या फोटोनं मला खरोखर काळजीत टाकलं त्याबद्दल. पाण्याच्या टाकीचा फोटो.

ती साधी गॅसची टाकी, ४०,००० बीटीयूची. तिचा धूर पंख्यानं जात नाही, गरम हवा हलकी म्हणून आपोआप धुराड्यातून वर चढतो. टाकीच्या माथ्यावर धुराडं सुरू होतं तिथे मुद्दाम ठेवलेली फट असते, तिला ड्राफ्ट हूड म्हणतात. खोलीत हवेचा दाब पुरेसा असेल तोवर खोलीतली हवा त्या फटीतून वर जाते. खोलीतली हवा कोणी जोरात ओढू लागलं की उलटं होतं: धुराड्यातली हवा खाली येते आणि ज्वलनाचे वायू, त्यांत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही असू शकतो, फटीतून खोलीत पसरतात. या खोलीत हवा ओढणारा पंखा म्हणजे ड्रायर. खोली लहान, जेमतेम सहाशे घनफूट, आणि आवाज येऊ नये म्हणून घराच्या आधीच्या मालकानं तिला घट्ट बसणारं दार लावलेलं.

त्यात आणखी एक गोष्ट. काही वर्षांपूर्वी फर्नेस बदलली होती. नवी उच्च कार्यक्षमतेची, हवा बाहेरून प्लास्टिकच्या नळीनं घेणारी आणि धूरही तशाच नळीनं बाहेर सोडणारी. ती स्वतः सुरक्षित. पण पूर्वी फर्नेस आणि टाकी दोघी मिळून एकच धुराडं तापवायच्या. आता तेवढंच मोठं धुराडं एकट्या टाकीला मिळालं. ते नीट तापत नाही, म्हणून धूर वर चढण्याचा जोर कमी. अमेरिकेतल्या जुन्या घरांत हा प्रकार फार आढळतो आणि फर्नेस बदलणारे त्याबद्दल बोलतातच असं नाही.

मी तिथे गेल्यावर पहिली परीक्षा हीच केली. घराची दारं-खिडक्या बंद, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू, न्हाणीघरातले पंखे चालू, ड्रायर उष्णतेविना नुसता फिरता ठेवला, कारण त्याचा पंखा चालणं पुरेसं होतं, आणि खोलीचं दार लावलं. टाकी पेटवली. मग मावशीच्या देव्हाऱ्यातली एक उदबत्ती ड्राफ्ट हूडच्या फटीशी धरली. धूर आत ओढला जायला हवा. तो बाहेर, माझ्या तोंडावर येत होता, आणि काही मिनिटं थांबूनही दिशा बदलली नाही. टाकी ताबडतोब बंद केली.

हे दृश्य मावसभावाला दाखवणं गरजेचं होतं, कारण त्याचा सगळा युक्तिवाद "गॅसचा ड्रायर धोक्याचा, विजेचा सुरक्षित" असा होता. विजेचा नेहमीचा ड्रायरही तेवढीच हवा बाहेर फेकतो. तो आणला असता तरी उदबत्तीचा धूर तसाच उलटा आला असता, आणि घरात जाळ नाही या समजुतीनं कोणी तपासलंही नसतं. खाली झोपणाऱ्या आई-बाबांना ड्रायरमधल्या जाळापेक्षा ड्रायरच्या पंख्यापासून अधिक धोका होता. या अभ्यासातलं काही एक लक्षात ठेवायचं तर मी हेच ठेवेन.

उपाय अवघड नव्हता. नियमाचा साधा हिशेब असा: खोलीतली हवा घेऊन जळणाऱ्या उपकरणांना दर हजार बीटीयूमागे ५० घनफूट जागा हवी. टाकीचे ४०,००० आणि गॅस ड्रायरचे २२,००० धरून ३,१०० घनफूट. खोली सहाशेची, पण दाराबाहेरचं बेसमेंट पाच हजारांच्या वर. तेव्हा भिंतीत दोन जाळ्या बसवल्या, एक छतालगत, एक जमिनीलगत, प्रत्येकी किमान १०० चौरस इंच मोकळी जागा देणारी. पुन्हा सगळे पंखे लावून उदबत्ती धरली, धूर मिनिटाच्या आत वर ओढला जाऊ लागला. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वरच्या मजल्यावर होता. न्यू जर्सीत घर विकताना तो असल्याचा दाखला लागतो म्हणून तेव्हाच बसवलेला. आणखी एक मावशी-काकांच्या पलंगाजवळ लावला.

नळी

हवा बाहेर नेणाऱ्या नळीची कथा वेगळी आणि जास्त रटाळ, पण पैसा आणि वेळ तिथेच वाया जात होता. चार इंच व्यासाची नळी सरळ मोजली तर जास्तीत जास्त ३५ फूट चालते, आणि प्रत्येक काटकोनी वळणामागे त्यातून पाच फूट कमी करायचे. यंत्र बनवणाऱ्यानं त्याच्या पुस्तिकेत वेगळं दिलं असेल तर ते. इथली नळी २८ फूट, वळणं तीन. २८ आणि १५ मिळून ४३. शिवाय ड्रायरच्या मागे चमकत्या पातळ पन्नीची लवचिक नळी, यंत्र मागे रेटताना चेपलेली, आणि मधल्या सांध्यांवर आत टोक निघालेले स्क्रू, ज्यांवर लिंट, म्हणजे कपड्यांतून सुटलेले बारीक तंतू, अडकून जाड थर झालेला.

वहिनी म्हणायची, हल्ली एक लोड दीड तास घेतो, गॅसचा असूनही. त्यात यंत्राचा दोष थोडा, नळीचा मोठा. ओली हवा बाहेर जात नसेल तर बर्नर कितीही मोठा असला तरी कपडे वाळणार कसे? आणि लिंट साठणं हा नुसता वेळेचा प्रश्न नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या अंदाजानुसार ड्रायरमुळे घरांत वर्षाला सुमारे २,९०० आगी लागतात आणि त्यांचं सर्वांत मोठं कारण म्हणजे साफसफाई न करणं. गॅस असो, वीज असो, लिंट दोन्हीकडे सारखाच पेटतो.

मी नळीचा मार्गच बदलायला लावला. कपडे धुण्याचं यंत्र आणि ड्रायर यांची जागा अदलाबदल केली, म्हणजे नळी तुळयांच्या मधून थेट मागच्या भिंतीकडे जाऊ शकली: १८ फूट, दोन वळणं, हिशेबानं २८. नळी पूर्ण कडक धातूची, सांध्यांवर स्क्रूऐवजी धातूची चिकटपट्टी, बाहेरच्या तोंडाला झाकण पण जाळी नाही, कारण जाळीत लिंट अडकतो. बाहेरचं भोक जुनंच वापरल्यामुळे एचओएकडे अर्ज करावा लागला नाही. एचओएशी ज्यांचा संबंध आलेला आहे त्यांना यातला दिलासा कळेल.

तेलाचे टॉवेल

एक प्रश्न मी अशा प्रत्येक मराठी घरात विचारतो आणि दुकानात कोणी विचारत नाही: बाळाला मालिश कोण करतं आणि त्या टॉवेलांचं काय करता?

मावशी रोज सकाळी बाळाला तेल लावायची, न्हाऊ घालायची. तेलाचे टॉवेल, मावशीचे सुती गाउन, सगळं धुऊन ड्रायरमध्ये. तेल धुण्यात पूर्ण निघत नाही. ड्रायरच्या उष्णतेनं उरलेलं तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावू लागतं, त्यातून आणखी उष्णता निघते, आणि वाळलेले गरम कपडे तसेच गोळा करून टोपलीत ठेवले तर आतली उष्णता बाहेर पडायला वाट नसते. असा ढीग आपोआप धुमसू शकतो, कित्येकदा ड्रायर बंद झाल्यावर काही वेळानं. ड्रायरच्या पुस्तिकांमध्ये खाद्यतेल लागलेले कपडे घालू नका असं लिहिलेलं असतं ते यासाठीच. खोबरेल तेलात हा धोका त्यातल्या त्यात कमी, कारण त्यातली मेदाम्लं बहुतेक संपृक्त. तीळ, बदाम, मोहरी यांच्या तेलात जास्त. जवसाच्या तेलात सर्वांत जास्त. मावशी बदामाचं तेल वापरत होती.

यावर मावशीनंच तोडगा दिला. मालिशचे चार टॉवेल वेगळे काढले. ते गरम पाण्यात जास्त साबणानं धुवायचे आणि ड्रायरमध्ये घालायचेच नाहीत. बेसमेंटमध्ये कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड आणला. हिवाळ्यात फर्नेस चालू असताना अमेरिकन घरातली हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात, नाक सुकतं. त्या हवेत सुती गाउन, कुडते, लंगोट, कुंची रात्रीत खडखडीत वाळतात आणि खोलीला थोडा ओलावाही मिळतो. कोकणातल्या आषाढात जे जमत नाही ते न्यू जर्सीच्या जानेवारीत सहज जमतं. ड्रायरचे लोड आठवड्याला दोनेकनं कमी झाले. उन्हाळ्यात मात्र बेसमेंट दमट असतं, तेव्हा हे करायचं तर ओलावा शोषणारं यंत्र लागेल आणि बुरशीवर नजर ठेवावी लागेल.

दुसरी फुकटची सुधारणा म्हणजे धुण्याच्या यंत्राची पिळण्याची गती वाढवणं. एक लिटर पाणी उष्णतेनं उडवायला पाऊण युनिटच्या जवळपास ऊर्जा जाते. ड्रम गरगर फिरवून तेच पाणी काढायला त्याच्या तुलनेत जवळजवळ काहीच लागत नाही. टॉवेल आणि चादरींना सर्वांत जास्त गती, नाजूक कपड्यांना कमी. साड्या ड्रायरमध्ये घालूच नयेत, हे मावशीनं सांगून टाकलं आणि त्यावर चर्चा झाली नाही.

शेवटी काय घेतलं

गॅसचा ड्रायर. साधा, ओलावा ओळखणाऱ्या सेन्सरचा, अॅपबिप काही नाही. सेन्सर म्हणजे ड्रमजवळच्या दोन धातूच्या पट्ट्या. सुगंधी ड्रायर शीट (कपड्यांबरोबर ड्रममध्ये टाकायचे पातळ तुकडे) वापरत असाल तर या पट्ट्यांवर पातळ थर बसतो आणि यंत्राला कपडे वाळलेत की नाही ते कळेनासं होतं, तेव्हा त्या अधूनमधून पुसायच्या. जोडणी परवानाधारक प्लंबरकडून करून घेतली. गॅसची जुनी लवचिक नळी परत न वापरता नवी घातली, आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना ते माझ्यासमोर पाहिलं. काही दुकानांची घरपोच आणणारी माणसं गॅसची जोडणी करत नाहीत, हे खरेदीच्या वेळीच विचारलेलं बरं.

लोड आता पाऊण तासाच्या आसपास होतो. त्यातला किती वाटा नव्या यंत्राचा आणि किती नळीचा, हे वेगळं काढता येणार नाही. माझ्या मते मोठा वाटा नळीचा.

हा निकाल या घराचा आहे. माझ्या ओळखीचं एक कुटुंब सिएटलजवळ राहतं. तिथली वीज मुख्यतः धरणांची, स्वस्त आणि स्वच्छ. त्यांच्या घरात २४० व्होल्टचं सॉकेट होतं, गॅसची नळी नव्हती. त्यांनी विजेचा घेतला आणि मीही तेच सांगितलं असतं. अपार्टमेंटमध्ये भाड्यानं राहणाऱ्यांना बहुधा निवडच नसते, भिंतीत जे सॉकेट असेल ते. जुन्या घरात तीन पिनांचं सॉकेट असेल आणि नव्या ड्रायरला चार पिनांची वायर असेल (१९९६ पासून नव्या बांधकामाला चार तारांची सक्ती आहे), तर योग्य वायर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावी, अॅडॉप्टर शोधत बसू नये. जिथे नळीचा गॅसच नाही आणि प्रोपेनची टाकी आहे, तिथे गॅसच्या ड्रायरला वेगळा जेट संच लावावा लागतो आणि प्रोपेनच्या दरात बिलाचा सगळा हिशेब बदलतो. आणि बाहेर नळी काढायला जागाच नसेल, उंच इमारतीत किंवा घराच्या अगदी मध्यभागी, तर हीट पंप घ्यावा, वेळ लागला तरी.

या घरात पुढची पायरी पाण्याच्या टाकीची आहे. तिचं वय झालंय. ती बदलताना हीट पंपावरची घ्यायची असं मावसभावानं ठरवलं आहे. पॅनेल तेव्हाच मोठं करायचं, गाडीच्या चार्जरची तार ओढायची, आणि छत उघडलेलंच असेल तर ड्रायरच्या जागेपर्यंत २४० व्होल्टची एक तार ओढून सॉकेट करून ठेवायचं, असं मी त्याला लिहून दिलं आहे. तोवर वर्षातून दोनदा, आणि घरात नवा पंखा किंवा नवं दार बसलं की त्या दिवशी, टाकीशी उदबत्ती धरून पाहायची. ते काम काकांनी स्वतःकडे घेतलं होतं. ते रत्नागिरीला परतल्यापासून मुलगी करते, बाबा शेजारी उभा असताना.